पश्चात्ताप न करता पाप करत राहणाऱ्याचं तारण खरं असतं का?

थेट सांगायचं तर बायबल अशा माणसाला तारणाची, म्हणजे पापाच्या शिक्षेतून देवाने केलेल्या सुटकेची, खात्री देत नाही. पण पापात पडणं वेगळं आणि पापात मुक्काम ठोकणं वेगळं. घाबरलेले विश्वासी नेमके इथेच गोंधळतात. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात दोन्ही गोष्टी आहेत: आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो आणि देवापासून जन्मलेला पाप करत राहत नाही.

बायबलमधला इस्राएलचा राजा दावीद बघा. बथशेबेशी व्यभिचार, तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा घात, आणि मूल जन्मेपर्यंत कबुलीचा शब्द नाही. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं तेव्हा तो मोडला. बायबलमधलं ५१वं स्तोत्र, त्याची पश्चात्तापाची प्रार्थना, त्याच प्रसंगाचं मानलं जातं. मधल्या महिन्यांत त्याला पाहून कोण म्हणालं असतं की हा देवाचा माणूस आहे? म्हणूनच दुसऱ्याच्या तारणाचा निकाल आपण लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पंथांची उत्तरं वेगळी आहेत. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने माणूस देवाची कृपा गमावतो आणि पापनिवेदनातून, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करण्यातून, ती परत मिळते; कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७ मध्ये हे स्पष्ट मांडलं. प्रोटेस्टंटांपैकी कॅल्विनपंथी म्हणतात, शेवटपर्यंत पश्चात्ताप आलाच नाही, तर तारण मुळात झालंच नव्हतं. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मते मिळालेलं तारणही गमावता येतं. पापाला कवटाळून निर्धास्त राहा, असं यांपैकी कोणीच शिकवत नाही.

प्रश्न स्वतःबद्दल असेल आणि मन टोचत असेल, तर थांबू नका. १ योहान १:९ मधलं क्षमेचं वचन पाप कबूल करणाऱ्यालाच दिलेलं आहे.