एक्सोसोमची ड्रिप: पैसे भरण्याआधी वाचा

सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका येऊन वर्ष होत आलं, अंधेरीतल्या एका क्लिनिकने 'स्टेम सेल एक्सोसोम'ची ड्रिप सुचवली आहे, यात तथ्य किती, असा तुमचा प्रश्न. मी परळला पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. त्या बेताने वाचा.

तथ्य आहे, पण बहुतांशी उंदरांपुरतं. शिरेतून दिलेल्या मूळपेशी (स्टेम सेल) बऱ्याचशा फुप्फुसांतच अडकतात, तरीही प्राण्यांच्या मेंदूत फरक पडतो. मग लक्ष गेलं ते या पेशी बाहेर काय सोडतात तिकडे. एक्सोसोम म्हणजे पेशींनी सोडलेल्या साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या पुटिका, इवल्या पिशव्याच; आत प्रथिनं आणि मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचं काम आवरणारे छोटे रेणू. 2018 मध्ये रिओ दि जानेरोच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड हे प्रथिन सोडलं. मूळपेशींच्या पुटिका सोबत असल्या की पेशींची हानी कमी व्हायची. पुटिकांमधलं कॅटालेज हे विकर (एन्झाइम) निकामी केलं, की संरक्षणही जायचं. मला हा प्रयोग आवडतो, कारण 'काहीतरी चांगलं होतं' यापुढे जाऊन कशामुळे होतं ते तो दाखवतो.

आता तुमच्या कामाचं. डेट्रॉइटच्या गटाने 2013 मध्ये उंदरांना एक्सोसोम दिले ते झटक्यानंतर 24 तासांनी. त्यांची हालचाल सुधारली, पण तुमच्या सासऱ्यांना वर्ष झालंय. मेंदूतल्या मेलेल्या पेशीला कुठलीही पुटिका पुन्हा उठवत नाही.

शिवाय बाटलीत नक्की काय आहे? पेशी वाढवायला आम्ही वासराचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) घालतो, आणि त्यातही गायीचे एक्सोसोम असतात. ते आधी काढले नाहीत तर मोजणीत तेच मिसळतात. पुटिका वेगळ्या करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे अतिवेगाने फिरणारं यंत्र एक लाख जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने, तास-दीड तास फिरवतात, तरी तळाशी बसलेल्या थरात फुकटची प्रथिनं येतातच. 'अब्जावधी एक्सोसोम' हा आकडा कोणी, कसा मोजला ते विचारा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2019 मध्ये अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता. तिथल्या नेब्रास्का राज्यात ती घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

चाचणी चालू आहे असं म्हणाले तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. चाचणीतल्या प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, तेव्हा बिल दिसलं की तिथेच थांबा. ते पैसे घरी येणाऱ्या चांगल्या फिजिओकडे जाऊ देत. क्रमांक मिळालाच तर इथे टाका, नोंद मिळून वाचू.