वाचक विचारतात : पॉर्क्युपाइनचं चिलखत आणि त्याची किंमत

प्रश्न : सर, माझा भाचा नववीत आहे, त्याला कॉमिक्सचं प्रचंड वेड. शुक्रवारच्या बाजारातून त्याने जुन्या इंग्लिश कॉमिक्सचा एक गठ्ठा आणलाय, त्यात कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोच्या एका अंकात पॉर्क्युपाइन नावाचा व्हिलन आहे, अंगभर साळिंदरासारखे काटे असलेलं चिलखत घालतो. तो मरतो आणि शेवटी ॲव्हेंजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिकाची सुपरहिरोंची टीम, त्याचा सूट आपल्या बंगल्यात मांडून ठेवतात, खाली सन्मानाची पाटी. भाचा विचारतो, मामा, व्हिलनला पाटी कशाला? मला काहीच सांगता येईना. हा कोण, आधी काय करत होता, जरा सविस्तर सांगा ना. देव बरें करूं.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : भाच्याला आधी सांगा की त्याच्या हातात जो अंक पडलाय तो जपून ठेव. कॅप्टन अमेरिका, अंक ३१५, मार्च १९८६, लेखक मार्क ग्रुनवाल्ड, चित्रं पॉल नीअरी. छोट्या व्हिलनला एवढ्या मायेने निरोप दिलाय असे अंक मार्व्हल या प्रकाशकाच्या कॉमिक्समध्ये फार सापडत नाहीत.

आता मुळापासून. याचं खरं नाव अलेक्झांडर जेंट्री. पहिल्यांदा दिसला मार्व्हलच्याच टेल्स टू ॲस्टॉनिश या मालिकेच्या ४८व्या अंकात, ऑक्टोबर १९६३. कथा स्टॅन लीची, स्क्रिप्ट एच. ई. हंटली या टोपणनावाने लिहिणाऱ्या अर्नी हार्टचं आणि चित्रं डॉन हेकची. आणि हेकचं नाव लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्न मॅनची पहिली गोष्ट आली ती पण हेकनेच काढली होती, म्हणजे एकाच वर्षात एकाच चित्रकाराच्या हातून दोन चिलखतवाले आले, दोघंही अमेरिकन लष्करासाठी शस्त्रं बनवणारे, दोघंही हुशार. फरक एवढाच की टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, कंपनीचा मालक होता आणि जेंट्री पगारावरचा डिझायनर. माझ्या मते जेंट्रीची सगळी गोष्ट या एका फरकात आहे.

कारण बघा, साळिंदरावरून कल्पना घेऊन त्याने हा सूट बनवला तो सरकारसाठीच, काट्यांमधून गॅस सुटतो, धूर सुटतो, लिक्विड सिमेंट सुटतं, कमरेच्या जेटवर उडता पण येतं, माणूस खुश होता स्वतःच्या कामावर आणि मग त्याच्या डोक्यात आलं की हे सरकारला दिलं तर मला काय मिळणार, चार पैसे आणि शाबासकी. त्यापेक्षा आपणच वापरू. एवढ्यावरून तो चोर झाला. जग जिंकायचंय, कुणाचा सूड घ्यायचाय असलं काही नाही, आपल्या कामाची किंमत होणार नाही ही भीती. (नोकरी करणाऱ्या कुणालाही ही भीती कळेल, म्हणून मला हा व्हिलन मोठमोठ्या व्हिलनांपेक्षा जवळचा वाटतो.)

पुढचं सगळं हरण्याचंच आहे. मुंगीएवढा होणारा हिरो अँट-मॅन आणि त्याची जोडीदार वास्प यांच्याकडून मार खाल्ला. त्याच मालिकेच्या मार्च १९६४च्या ५३व्या अंकात परत आला, तोवर अँट-मॅन गोळ्या घेऊन राक्षसाएवढा होणारा जायंट-मॅन झालेला, तेव्हा जेंट्रीने त्याच्या गोळ्या ढापून गिळल्या, वाटलं आपण पण राक्षसाएवढे होऊ, पण त्या लहान करणाऱ्या गोळ्या होत्या आणि तो दिसेनासा होईपर्यंत लहान होत गेला. १९६६ला एक्स-मेनच्या २२ आणि २३ अंकात काउंट नेफारिया या गुंडांच्या म्होरक्याच्या टोळीत, तेव्हा नेफारियाने अख्ख्या वॉशिंग्टन शहरावर घुमट घालून खंडणी मागितली होती. १९७३ला परत दुसऱ्या कुणाच्या टोळीत, कॅप्टन अमेरिकाविरुद्ध. दोन्ही वेळी सोबतीला तेच ते छोटे व्हिलन, ईल, प्लांटमॅन, स्केअरक्रो. स्वतःच्या कामाची किंमत मिळावी म्हणून सरकारी नोकरी सोडलेला माणूस पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखालीच राबला, हे वाचताना खरंच वाईट वाटतं.

शेवटी दमला. त्याने ठरवलं सूट विकून टाकायचा, मोठी रक्कम घ्यायची आणि धंदा सोडायचा. तर गुन्हेगारांपैकी कुणी घेईना! सूट बिघडलेला नव्हता, पण तो घालणारा दरवेळी हरलेला सगळ्यांनी बघितलेला, मग अशा चिलखताला कोण पैसे देणार. सगळीकडून नकार आल्यावर तो कुठे गेला तर ॲव्हेंजर्सकडे, ज्यांच्याकडून आयुष्यभर मार खाल्ला त्यांच्याकडे. कॅप्टन अमेरिका सूट घ्यायला तयार झाला, अट एकच, सर्पंट सोसायटी नावाची सापांची टोळी पकडायला मदत कर. जेंट्री हो म्हणाला. त्या मारामारीत टोळीतल्या डायमंडबॅकशी झटापट होताना तो पडला आणि स्वतःच्याच सूटचा काटा अंगात घुसून मेला.

आता पाटीचं. आपल्याकडे गोव्यात दिवाळीला नरकासुराचा पुतळा पोरं रात्र रात्र जागून उभा करतात आणि पहाटे जाळून टाकतात, असुराचं शेवटी काय करायचं ते ठरलेलं असतं. कॅप्टन अमेरिकाने तसं केलं नाही. माणूस आपल्या सांगण्यावरून आला आणि गेला, याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली आणि तो सूट ॲव्हेंजर्सच्या बंगल्यात मांडला, खाली लिहिलं, पॉर्क्युपाइनचं युद्धकवच, ॲव्हेंजर्सचा सन्माननीय शत्रू. जेंट्रीने खलनायकी सोडायचं ठरवलं होतं आणि ज्याला शब्द दिला त्याच्या बाजूने उभा राहून तो मेला, म्हणून पाटी. भाच्याला हेच सांगा. आणि हे पण सांगा की ग्रुनवाल्डने पुढे चारच अंकांनी, ३१९मध्ये, एका बारमध्ये डझनाहून जास्त छोटे व्हिलन एकदम मारले, स्कर्ज नावाच्या मारेकऱ्याच्या हातून. त्यांना कुणी पाटी लावली नाही. ते वाचल्यावर ३१५ची किंमत जास्त कळते.

प्रश्न : सर, पॉर्क्युपाइन मेला असेल तर स्पायडर-वूमनच्या नंतरच्या कॉमिकमध्ये तिचं बाळ सांभाळतो तो पॉर्क्युपाइन कोण? माझी मुलगी म्हणते तोच आहे, मला पटत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमचं बरोबर आहे ताई, तो वेगळा. त्याचं नाव रॉजर गॉकिंग, जेंट्री मेला तो मेलाच. रॉजर २०१५च्या आसपास लेखक डेनिस होपलेसच्या स्पायडर-वूमन मालिकेत पुढे आला. छोट्या व्हिलनांची कुटुंबं गायब होतायत अशी ती गोष्ट आहे आणि तिथून तो वाईट मार्ग सोडून जेसिका ड्र्यूच्या, म्हणजे स्पायडर-वूमनच्या, बाजूला येतो, तिला मदत करतो, बाळ झाल्यावर बाळ पण बघतो आणि हळूहळू दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. जेंट्रीला जे साधलं नाही ते याला साधलं. मुलीला ही मालिका आवडली असेल तर तिला ३१५ नक्की वाचायला द्या, मग रॉजरकडे ती अजून वेगळ्या नजरेने बघेल.

प्रश्न : मी चित्रकला शिकतोय, स्वतःचा चिलखतवाला व्हिलन काढायचाय. पॉर्क्युपाइनचं काय बघू?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : डॉन हेकचं १९६३चं आणि स्पायडर-वूमनमधलं हावियेर रॉड्रिगेझचं, दोन्ही समोरासमोर ठेव. मध्ये ५० वर्षं गेलीत. काटे कुठून निघतात, माणूस हात वर करतो तेव्हा त्यांचं काय होतं, बसतो तेव्हा काय होतं, हे प्रत्येक चित्रात बघ आणि वहीत काढून बघ. मग तुझा व्हिलन काढ, पण त्याआधी तो पोटासाठी काय काम करायचा ते ठरव.