एसडी (मोठ्या डोक्याच्या, बुटक्या) प्रकारातला यांत्रिक डायनासोर पहिल्यांदाच जोडतोय, कुठे काळजी घेऊ?

तुम्ही लिहिलंय की झॉइड्सच्या डी-स्टाइल मालिकेतला डायनासोर भेट मिळालाय, आजवर एकही किट जोडलेलं नाही आणि घर नागपुरात आहे. जोडणीची धास्ती बाळगू नका. भाग एकमेकांत दाबून बसतात, गोंद लागत नाही. सूचनापत्र जपानीत असलं तरी चित्रांवरून उमगतं. जपायचं ते कापताना.

झॉइड्स ही जपानच्या तोमी कंपनीची १९८०च्या दशकातली यांत्रिक प्राण्यांची खेळणी. चावी किंवा बॅटरीवर खरोखर चालायची. कोतोबुकियाची डी-स्टाइल किटं मोटरशिवायची, त्याच प्राण्यांची बुटकी रूपं: डोकं भलं मोठं, अंग आखूड. त्यामुळे बघणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावरच जाते आणि कपाळावरचा एक पांढरा ठिपका सगळी गंमत घालवतो.

तो ठिपका येतो घाईने. भाग ज्या बारीक देठाने फ्रेमला जुळलेला असतो, तो मुळाशी एका दणक्यात कापला की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं. म्हणून दोनदा कापा. पहिल्यांदा देठ दोन-तीन मिलिमीटर ठेवून, मग कटरची सपाट बाजू भागाकडे धरून. तरीही कणभर उरू द्या आणि तो ६००, मग १०००च्या पॉलिश पेपरने घासा. डोकं आणि जबडा यांना मी अख्खी संध्याकाळ देतो. पाय-शेपटीला एवढं लागत नाही. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा बारीक साइड कटर सुरुवातीला पुरे.

खाचांमध्ये काळी रेघ भरली की चेहरा जिवंत होतो. त्यासाठी ०.५ची पेन्सिल वापरा. मी पहिल्याच डायनासोरवर इनॅमल रंग थिनरमध्ये पातळ करून सोडला होता. सांध्याचे भाग एबीएस प्लास्टिकचे होते, ते थिनरने ठिसूळ होतं. रात्रीतून जबड्याची खिळी तडकली. फार वाईट वाटलं, कारण तोंड उघडणं हेच त्याचं सगळ्यात गोड काम होतं.

आता आपल्या गावाचं. मे महिन्यात कूलरसमोर बसून जोडू नका, बारीक भाग उडतात. मी काठ असलेल्या स्टीलच्या परातीत काम करतो. आणि मॅट स्प्रे (चमक घालवणारा शेवटचा थर) उन्हाळ्यात नकोच. गच्चीवर चाळीसच्या वर पारा असताना फवारा हवेतच सुकतो, पृष्ठभाग खरखरीत होतो. कूलरच्या खोलीत हवा दमट, तिथे दुधासारखी साय धरते. पावसाळ्यातही तेच. डिसेंबर-जानेवारीत, धुकं ओसरल्यावर दहा-अकराच्या सुमारास, मोकळ्या हवेत मास्क लावून मारा. तोवर स्प्रेशिवायच ठेवलात तरी छान दिसतो.

एक राहिलं. डोकं जड म्हणून दोन पायांचा डायनासोर पुढे कलतो. पाय जरा फाकवा, अंग थोडं मागे घ्या आणि शेपटीचं टोक टेकवा. मग जबडा पूर्ण उघडला तरी उभा राहतो.