त्रैक्याबद्दल प्रश्न विचारला म्हणून दृढीकरण अडत असेल तर

तुझी पोस्ट वाचली. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असा तिघांत एकच देव, यावरून कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, "एकच देव म्हणता, मग तीन नावं कशी घेता?" पाळकसाहेबांकडे गेलीस तर "प्रश्न म्हणजे अविश्वास" ऐकून परत आलीस, आणि आता दृढीकरणाला, म्हणजे आपला विश्वास चर्चमध्ये सर्वांसमोर स्वतः कबूल करण्याच्या विधीला, उभं राहायचं की नाही याच विचारात आहेस. मीही इंदूरचीच. उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत, अशाच घरात वाढले. म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्याची व्याख्या वगैरे तुला पाठच असणार, ती सोडते.

आमच्या दृढीकरणाच्या वर्गात काकांनी फळ्यावर तीन पेले काढले होते: पाणी, बर्फ, वाफ. पदार्थ एक, रूपं तीन, झालं त्रैक्य. मी विचारलं, मग यार्देन नदीत बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि आकाशातून पित्याची वाणी, हे तिघं एकाच वेळी कसे? गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता ती कोणाला? काका रागावले नाहीत, पण मंडळीच्या ऑफिसात त्यांनी सांगितलं. तिथून बाबांना निरोप आला की मुलीची तयारी नाही, यंदा नाव काढलंय. कारण लेखी द्यायला कोणी तयार नाही. पुढच्या वर्षी अर्ज केला तर तो सापडेना. दृढीकरण झालेली बरोबरीची मुलं प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे जायची आणि मी आईची पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसून राहायची. देवाविषयी खरं काय ते विचारणाऱ्या मुलीला अशी वागणूक देणं चुकीचंच, हे मी आजही त्यांच्या तोंडावर म्हणेन.

आणि फळ्यावर जे होतं तेच मुळात चर्चने नाकारलेलं. एकच देव वेळेप्रमाणे तीन रूपं घेतो, ही शिकवण तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या नावाने ओळखली जाते आणि ती तेव्हाच फेटाळली गेली.

मला उलगडा झाला तो उपमा सोडून दिल्यावर. पहिले शिष्य यहुदी, देव एकच असं रोज म्हणणारे. तेच येशूला नमन करू लागले, त्यांच्यातला थोमा तर त्याला "माझा प्रभू, माझा देव" म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या धरायच्या तर बोलायचं कसं, सगळा वाद इथून सुरू झाला. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणे, पुत्र थोर, पण निर्माण केलेला. 325 मध्ये निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते नाकारलं: पुत्र पित्याशी एकतत्त्व, जन्मलेला, निर्मिलेला नव्हे. आत्म्याविषयीचा मजकूर 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने वाढवला. मधल्या काळात निकियाची बाजू लावून धरणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला पुनःपुन्हा हद्दपारी भोगावी लागली. बिशपांना इतकी वर्षं लागली, तिथे तुला वेळ लागतोय यात वावगं काहीच नाही.

मैत्रिणी "म्हणजे आमचे ब्रह्मा-विष्णू-महेश" म्हणतील. प्रेमाने म्हणतात, तोडून बोलू नकोस. एवढंच सांग की इथे कामांची वाटणी नाही, निर्मितीतही तिघं आणि तारणातही तिघं. पिता तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे, प्रत्येक जण पूर्ण देव, तरी देव एकच. याच्या पुढे समजवायला जाऊ नये असं माझं मत. इथल्या कोणाला पटणार नाही कदाचित.

पंडिता रमाबाईंची पत्रं जरूर वाच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या त्रैक्यावर आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर तिथल्या सिस्टरांशी (जोगिणींशी), चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत होत्या. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं.

मी सेमिनरीत शिकलेली नाही. आत्मा पुत्रापासूनही निघतो का, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये जुना मतभेद आहे, त्यात मी पडत नाही.

वादात 1 योहान 5:7 मात्र पुढे करू नकोस. किंग जेम्स बायबलात, म्हणजे 1611 च्या इंग्रजी भाषांतरात, तिथे स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य आहे, पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. समोरचा लगेच पकडतो. मत्तय 28:19 आणि 2 करिंथ 13:14 पुरे, तिथे तिघांचा उल्लेख एकत्र येतो. आणि दृढीकरणाचा अर्ज देशील तेव्हा त्याची पोच सही-शिक्क्यासकट घे.