मेपलच्या झाडाला छिद्र पाडून रस काढल्याने झाडाचे आणि जंगलाचे नुकसान होते का?

मर्यादा पाळली तर सहसा होत नाही. कॅनडातील क्वेबेक आणि अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये वसंताच्या तोंडावर, रात्री गोठते आणि दिवसा वितळते अशा दिवसांत, साधारणपणे 25 ते 30 सेंटिमीटरहून जाड खोडाच्या मेपललाच, मुख्यतः शुगर मेपल या जातीला, सुमारे 8 मिलिमीटरचे छिद्र पाडतात. झाड जखमेभोवतीचे लाकूड कायमचे बंद करून टाकते आणि तेथून पुन्हा रस वाहत नाही. म्हणून दरवर्षी जागा बदलावी लागते, आणि खोडात तेवढे नवे लाकूड वाढत राहणे आवश्यक असते. मला अधिक चिंता वाटते ती बर्च, बीच, बासवूड ही इतर झाडे तोडून केवळ मेपल राखण्याची, कारण अशा एकसुरी रानात पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रादुर्भाव अधिक तीव्र होतो आणि पक्ष्यांचा आसराही कमी होतो.