वडील चुकत असतील, तरी त्यांचा मान कसा राखायचा?

प्रश्न : आम्ही ठाण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वडील तापट, चारचौघांत पाणउतारा करतात. माझी बचतही त्यांनी नको त्या धंद्यात घालवली. ‘आपल्या बापाचा व आईचा मान राख’ ही आज्ञा कशी पाळू? त्यांच्यातलं चांगलं बघायचं म्हणजे हे सगळं विसरायचं का?

उत्तर : विसरायचं मुळीच नाही. ही आज्ञा (निर्गम 20:12) मनात माया दाटून येण्याची वाट पाहत नाही. ती करणी मागते. तल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या किद्दुशीन भागात यादीच आहे : खाऊपिऊ घालणं, कपडे चढवणं, बाहेर नेणं-आणणं. त्यांच्या जागेवर बसू नये, त्यांचा शब्द खोडू नये, हेही तिथेच. खर्च मुळात त्यांच्याच पैशांतून. त्यांच्याकडे नसेल आणि तुम्हाला परवडत असेल, तरच तुमच्या खिशातून.

बचतीबद्दल सोळाव्या शतकातला शुल्हान आरूख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ अगदी नेमकं बोलतो. बापाने मुलाची मोहरांची थैली समुद्रात फेकली, तरी मुलाने त्याला लाजवू नये. त्यावर क्राकोचे रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सर्लेस यांची टीप अशी, की फेकण्याआधी मुलगा त्याला अडवू शकतो आणि नंतर दावाही लावू शकतो. तेव्हा चेकबुक आणि एटीएम कार्ड बिनदिक्कत स्वतःकडे ठेवा. मात्र ‘तुम्ही मला बुडवलंत’ हे नातेवाइकांसमोर नको.

चूक दाखवायचीही रीत आहे. ‘बाबा, तुम्ही आज्ञा मोडलीत’ असं म्हणायचं नाही. ‘बाबा, तोरा या आपल्या धर्मग्रंथात असं लिहिलंय ना?’ असं विचारायचं. निष्कर्ष ते स्वतः काढतात, म्हणून अपमान होत नाही. पण शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) मोडायला सांगितलं, तर ऐकायचं नाही.

वडील पापी असले तरी मान चुकत नाही, असं ज्यू धर्मपंडित रंबम (मायमोनिडीस, 1138–1204) म्हणतात; इस्सर्लेस यांच्या मते पश्चात्ताप न केलेल्या दुर्जन बापाच्या मानाचं बंधन नाही. आईवडील भ्रमिष्ट झाले आणि सांभाळणं खरोखर अशक्य झालं, तर दुसऱ्यांवर देखभाल सोपवून दूर व्हावं, ही मुभा रंबमच देतात. नुसत्या तापटपणाला ती परस्पर लावू नका, रब्बींना विचारा.

‘प्रत्येकाला चांगल्या बाजूने तोला’ हे पिर्के आवोत या नीतिवचनांच्या संग्रहातलं वचन (1:6) संशयास्पद कृतीसाठी आहे. फोन उचलला नाही, तर मुद्दाम टाळलं असं धरू नका. दिसलेलं नुकसान नाकारायला ते सांगत नाही. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमन तर माणसात एक तरी चांगली गोष्ट शोधायला सांगतात, पण ती खरी हवी. वडिलांची अशी एक गोष्ट सापडली, की ती त्यांच्या तोंडावर बोलून दाखवा.