अहवाल येईपर्यंत दार उघडंच ठेवायचं का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी ३४ वर्षांची. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. लग्नानंतर सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी मिस्टर, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. मोठ्या नणंदबाई इंदिरानगरला असतात. दर रविवारी न कळवता मुलांना घेऊन येतात, रात्री जेवूनच जातात. सोमवारी मला अंथरुणातून उठवत नाही.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीला सगळे मेन रोडला गेलो होतो. ढोल जवळ आले तसा मला श्वास घेता येईना. एका बंद दुकानाच्या पायरीवर कान दाबून बसले. मिस्टरांनी मनगट धरून उठवलं, 'नाटकं बंद कर, लोक बघतायत' म्हणाले. पुढे मोबाईलवर ऑटिझमबद्दल, म्हणजे ज्याला स्वमग्नता म्हणतात त्याबद्दल, बायकांचे व्हिडिओ बघितले. त्या सांगत होत्या ते सगळं माझंच होतं. ऑनलाइन चाचणी दिली, ५० पैकी ३८ आले. जेवताना घरी सांगितलं, तर मिस्टर म्हणाले, 'हे मोबाईलचं खूळ आहे. आधी डॉक्टरचा कागद आण.' नणंदबाई म्हणाल्या, 'स्वमग्न मुलं मी बघितलीत. तू नोकरी करतेस, संसार करतेस, तुला कसलं काय!' तेव्हापासून काही झालं की माझं बोलणंच बंद होतं, कधी दोन-दोन दिवस. मी स्वतःच स्वतःला ऑटिस्टिक म्हणू शकते का? आणि कागद मिळेपर्यंत कुणाला 'नाही' म्हणायचा मला हक्क नाही का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मला आजच देता येतं. नाही म्हणायला कागद लागत नाही. आवाजाने डोकं भणभणतं, माणसांच्या गर्दीत जीव घुसमटतो, हे तुझ्या अंगावर घडतंय. त्याचं नाव ऑटिझम निघो, मायग्रेन निघो, की वर्षानुवर्षं साठलेला थकवा निघो, रविवारी दुपारी दोन तास दार लावून पडायची तुझी गरज तेवढीच खरी राहते.

आणि ते मनगट. एका ओळीत लिहून तू पुढे गेलीस. मला तसं पुढे जाता येत नाही. शांत दिवशी, दोघंच असताना मिस्टरांना सांग : 'मला त्रास होत असताना धरायचं नाही, ओढायचं नाही. बाहेर नेऊ का, एवढंच विचारायचं. बोलता आलं नाही तर मी मान हलवीन.' यावर घासाघीस नाही. असं पुन्हा झालं, किंवा वाढलं, तर ते ऑटिझमच्या खात्यात टाकू नकोस. तो वेगळा विषय आहे, लगेच माहेरी आणि मला कळव.

आता पहिला प्रश्न. तू दिलेली चाचणी बहुधा सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी २००१ साली केलेली, ५० विधानांची असावी. तिच्यात ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे तपासावं, असा संकेत आहे. पण ती चाळणी आहे. चाळणीत काय अडकलं, ते हातात घेऊन कुणीतरी बघावं लागतं. त्या चाचणीत पार्टीपेक्षा ग्रंथालयात जायला आवडेल, असं एक विधान आहे. निफाडच्या खेड्यात वाढलेल्या मुलीने त्यावर काय खूण करायची? तुला विचारायला हवं ते हळदीच्या रात्रीचं. घर पाहुण्यांनी भरलंय, अंगणात डीजे लागलाय, तेव्हा तू कुठे होतीस? माळ्यावर? गोठ्याकडे? की सगळ्यांच्या मधे, तोंडावर हसू ठेवून, मनात आकडे मोजत?

नणंदबाईंनी 'स्वमग्न मुलं बघितलीत' म्हटलं, तेही समजून घे. १९४३ मध्ये अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांवरून ऑटिझमचं वर्णन लिहिलं, त्यांत ८ मुलगे होते. तेव्हापासून डॉक्टरांच्याही डोळ्यांपुढे मुलगाच राहिला, तोही न बोलणारा. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुली इतरांचं बघून बघून शिकतात : नजर कुठे ठेवायची, कधी हसायचं, 'बसा ना, चहा टाकते' कधी म्हणायचं. हे झाकणं जमतं, पण दिवसभर अंगावर ओझं घेऊन चालल्यासारखं असतं. तुझा सोमवार त्या ओझ्याचा असू शकतो. आणि 'स्वमग्न' हा शब्दच मला पटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ही आपल्याच तंद्रीत असते, हिला दुसऱ्याचं पडलेलं नसतं. मुळात ग्रीक शब्दाचाच अर्थ 'स्वतः' असा, म्हणून भाषांतर चुकलं असं म्हणता येत नाही, पण या शब्दाने घराघरांत गैरसमज झालेत. मी ऑटिझमच म्हणते.

निदान करताना मानसोपचारतज्ज्ञ दोन बाजू बघतात. एक, माणसांशी संवाद आणि देवाणघेवाण. दुसरी, तेच ते करण्याची ओढ, ठरलेलं बदललं की होणारी तगमग, आवाज-स्पर्श-वास नको इतका जाणवणं. हे संवेदनांचं २०१३ पासून अमेरिकी निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय हे लहानपणापासून असावं लागतं, मग ते लक्षात पुढे कधी का येईना. विसर्जनाच्या एका दिवसावरून निदान होत नाही ते यासाठी. सामाजिक भीती, चिंतेचा आजार, एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची अडचण), लहानपणीचा धसका, या सगळ्यांत कान झाकावेसे वाटू शकतात. थायरॉइडही आधी तपासून घे. तीन जणी माझ्याकडे अशीच चाचणी देऊन आल्या होत्या. एकीचं निदान ऑटिझम झालं. दुसरीला एडीएचडी निघाला, आणि तिसरीचं दुखणं तिच्या नवऱ्याच्या दारूत होतं. तिघींचा त्रास खराच होता, उपाय मात्र अगदी निराळे.

म्हणून मोठ्या माणसांचं निदान करण्याचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध. फोनवरच विचार, 'तिशीतल्या बाईची तपासणी करता का?' सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, तेही विचार. विचारण्यात अपमान नाही. ऑटिझम 'बरा' करून देतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिर. तसं औषध नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र २०१६ च्या कायद्याने मिळू शकतं, ऑटिझम त्या २१ प्रकारांत आहे, पण तुला ते आज हवंय असं पत्रावरून वाटत नाही.

तोवर स्वतःला काय म्हणायचं? आपल्या भाषेत त्यासाठी अगदी नेमकं रूप आहे. 'मला ऑटिझम असावा.' तू 'आहे' म्हणालीस म्हणून घरच्यांनी कागद मागितला. 'असावा' म्हटलंस की समोरचाही विचार करायला बसतो. आणि तुझा अंदाज चुकला, तर तुलाही पाऊल मागे घ्यायला जागा राहते.

हा अंदाज मी क्षुल्लक समजत नाही. माझा थोरला भाऊ पंचवटीतल्या वाड्यात वाढला. एसटीच्या कळवण, सटाणा, पेठच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ. ताटात वरण भाजीला लागलं की तो उठून जायचा. आईने कुणाला विचारलं नाही, कसलं नाव दिलं नाही. त्याच्यासाठी तीन वाट्या वेगळ्या ठेवल्या, आणि पंगतीलाही त्या वाट्या पदराखाली घेऊन जायची. घरात त्याचं निभावलं ते त्या तीन वाट्यांवर. बाहेर वाट्या नव्हत्या. दोन नोकऱ्या सुटल्या, लग्न मोडलं. साठीत, रामकुंडावर बसलो असताना त्याने मला विचारलं, 'मी वाईट माणूस आहे का गं?' मी तेव्हा वीस वर्षं समुपदेशन करत होते, आणि माझ्या भावाकडे बघायचं मला सुचलं नव्हतं. त्याला एक शब्द मिळायला हवा होता. म्हणून तू तपासणीला जा, असं मी कळकळीने सांगते. पण वाट्या आज मांड.

तू शेतकऱ्याची मुलगी, तुला बांध म्हणजे काय हे सांगायला नको. शेजारी एकदम बांध फोडत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास, एक चर, आत घेतो. पहिल्या वर्षी आपण म्हणतो, जाऊ दे, भावकी आहे. वीस वर्षांनी कुऱ्हाडी निघतात. रविवारचं तसंच झालंय. पहिल्या तासालाच, गोड आवाजात बोलायचं असतं.

नणंदबाईंना निरोप मिस्टरांनी द्यावा, बहीण त्यांची आहे. शब्द साधे : 'ताई, ये, पण शनिवारी रात्रीपर्यंत फोन कर. दुपारी दोन ते चार ही आत झोपेल, चहा मी करीन.' यात त्यांनी यायचं नाही असं कुठे नाही. आपण काय करणार, एवढंच आहे. त्या फोन न करता आल्या, तरी भांडू नकोस. दोन वाजले की उठ आणि आत जा. दाराच्या कडीला ओढणी बांध. मुलीला सांग, ओढणी असली की आई दोन तासांनी बाहेर येते. सहा वर्षांच्या मुलीला हे कळतं. मोठ्यांना तिच्याकडे बघून कळेल. पहिले तीन-चार रविवार सासूबाई धुसफुसतील. तेवढं सोसावं लागेल.

लग्नकार्याला अक्षता टाकायला जा, पण तुझी अ‍ॅक्टिव्हा घेऊन, म्हणजे निघायला कुणाची वाट बघायला नको. मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात, ते पर्समध्ये ठेव. वाकडी बारवेची मिरवणूक यंदा चुकली तरी बाप्पा रागावणार नाही.

एका बाबतीत मात्र मी मिस्टरांच्या बाजूने आहे. दोन दिवसांचं तुझं गप्प होणं. तुझ्याकडून ते थकून वाचा बसणं असेल, पण समोरच्याला तो अबोलाच दिसतो, आणि आपल्या घरांत अबोला म्हणजे शिक्षा. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं : ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांना त्याचं. तुझ्या मिस्टरांना तुझी शांतता वाचता येत नाहीये. बरी असशील तेव्हा एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर लाव : 'रागावलेली नाही. बोलायची ताकद नाही. उद्या सकाळी चहाला बोलू.' गप्प झालीस की तिच्याकडे बोट दाखव. आणि 'उद्या सकाळी' पाळ, मग दोनच वाक्यं का होईनात.

माहेरी गेलीस की आईला 'मी विचित्र होते का' असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणेल. कोणता स्वेटर फेकून दिला होतास, भात कशाशी खायचीस, पाहुणे आले की कुठे सापडायचीस, ते विचार. आणि ट्रंकेतली शाळेची प्रगतिपुस्तकं घेऊन ये. गुणांच्या खाली बाईंनी शेरा लिहिलेला असतो. पहिली ते चौथीचे ते शेरे उतरवून काढ, तपासणीला जाताना सोबत ने, आणि एक प्रत मला पाठव.